अम्मीला कुठं जायचंय?

अम्मीला लकव्याचा झटका आला त्या पहाटे सगळ्यात आधी आमच्या लक्षात आली ती तिची चप्पल. फजरच्या नमाजसाठी वुजू करून ती न्हाणीतून परत येत होती. डाव्या पायातली स्लीपर न्हाणीच्या दारातच राहिली आणि ती तशीच, एका पायात स्लीपर घालून, खोलीपर्यंत आली. मी म्हटलं, "अम्मी, दुसरी चप्पल?" तिनं खाली बघितलं आणि म्हणाली, "हैच ना पाँव में."

अर्ध्या तासात डावा हात लोंबायला लागला. साखर कमी झाली असेल म्हणून आम्ही तिला सरबत पाजलं, जे अशा वेळी अजिबात पाजायचं नसतं. मग गल्लीतल्या डॉक्टरांचा दवाखाना उघडायची वाट बघत बसलो. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे मला त्या दिवशी संध्याकाळी कळलं. आम्ही मोठ्या दवाखान्यात पोहोचलो तेव्हा सहा तास उलटून गेले होते. त्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन. आज पायाबद्दल लिहायचंय, कारण त्या सहा तासांपेक्षा नंतरचे तीन महिने मला जास्त टोचतात. ते सहा तास अडाणीपणात गेले. तीन महिने मात्र सेवेत गेले, आणि लोक त्याबद्दल माझं कौतुक करत होते.

नऊ दिवसांनी अम्मी घरी आली. बोलणं शाबूत होतं, कारण झटका मेंदूच्या उजव्या बाजूला होता. डावा हात आणि डावा पाय गेला होता. फाईलमध्ये गोळ्यांची मोठी यादी होती आणि सगळ्यात खाली एकच शब्द होता, 'फिजिओथेरपी'. बिंदू चौकाच्या मागच्या बाजूला आमचं जुनं घर. पुढच्या खोलीत कॉट लावली. इयादतीला माणसांची रीघ लागली. आजाऱ्याला भेटायला जाणं सुन्नत आहे, त्यामुळं चहाचं भांडं गॅसवरून उतरत नव्हतं. येणारी प्रत्येक बाई अम्मीच्या पायाशी बसायची, पाय चेपायची आणि म्हणायची, "अब आराम करो आपा. बहोत किये जिंदगीभर."

मी तिला उचलून न्हाणीत न्यायचो. काखेत हात घालून उठवायचो, पाठीला टेकू देऊन भरवायचो. एकदा मामू ते बघून रडले. म्हणाले, आईच्या पायाखाली जन्नत असते आणि तू ती कमावलीस. माझेही डोळे भरून आले होते. आता आठवलं की वाटतं, त्या पायाखालच्या जन्नतीची एवढी चर्चा चालली होती, पण त्या पायाकडं कुणी नीट बघितलं होतं का? तो पाय त्याच दिवसांत घोट्यातून खाली वळायला लागला होता. बोटं जमिनीकडं आणि टाच वर. रात्रंदिवस गादीवर पडून पोटरीची शीर आखडत चालली होती. गुडघा ताठ झाला तेव्हा तर आम्ही खूशच झालो. आधी पाय लुळा होता, आता घट्ट झाला, म्हणजे ताकद येतेय! तो घट्टपणा स्नायूंवरचा मेंदूचा ताबा सुटल्यामुळं येतो आणि वेळीच ताण दिला नाही तर कायमचा बसतो, हे सांगणारं घरात कोणी नव्हतं. काखेत हात घालून उचलल्यानं तिचा खांदा सांध्यातून खाली सरकला होता. तो अजूनही दुखतो. ते माझं कर्तृत्व.

फिजिओ आले नव्हते असं नाही. सुरुवातीला एक तरुण मुलगा दोन-तीन दिवस आला. तो पायाला हात लावायचा तेव्हा अम्मी साडी खाली ओढायची. आम्ही आपसात ठरवलं की तिला अवघडतं, परका मर्द आहे, नको. त्याला बंद केलं. बाई फिजिओ शोधल्या का? नाही. कोल्हापुरात त्या हव्या तेवढ्या आहेत. पण आम्हाला पडदा आठवला आणि तेवढ्यावर विषय मिटला. रोजचे चारशे रुपयेही वाचले, हेही लिहून टाकतो. पुढं कधीतरी अम्मीला विचारलं तर म्हणाली, "डाक्टर था उने. मैं कब बोली बंद करो? तुमेच बंद करे."

त्याच काळात आम्ही लकव्याचं औषध देणाऱ्या एका गावालाही जाऊन आलो. कोल्हापुरात कुणाला लकवा झाला की असं एखादं गाव कोणीतरी सुचवतंच. पहाटे निघायचं, उपाशीपोटी पाला खायचा, पथ्य पाळायचं. कोणी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. ते मात्र अम्मीनंच उडवून लावलं. झटक्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत मेंदूची सूज उतरते आणि थोडी हालचाल आपोआप परत येते. त्या काळात पाला खाल्लेला असेल तर श्रेय पाल्याला, तावीज बांधलेला असेल तर तावीजाला. ज्यांचा पाय परत येत नाही ते पुन्हा त्या गावाला जात नाहीत आणि बोलतही नाहीत.

चौथ्या महिन्यात माझ्या बायकोनं, तिच्या शाळेतल्या एका बाईंच्या ओळखीनं, फिजिओ मॅडम शोधून आणल्या. अॅक्टिव्हावरून यायच्या, पाठीला सॅक. पहिल्या दिवशी त्यांनी पायाला हातच लावला नाही. कॉटसमोर खुर्ची ओढून बसल्या आणि विचारलं, "चाची, तुम्हाला चालत कुठं जायचंय?"

अम्मी गप्प. मीच उत्तर दिलं, "कुठं जायचंय आता त्यांना? घरातल्या घरात फिरल्या तरी बास झालं." मॅडमनी माझ्याकडं बघितलंही नाही. पुन्हा तोच प्रश्न अम्मीलाच विचारला. बऱ्याच वेळानं अम्मी म्हणाली, "संडासकू. अकेली." मग थोडं थांबून, "और बूबू के घरकू."

बूबू म्हणजे तिची थोरली बहीण, माझी खाला. पलीकडच्या गल्लीत राहते. झटका येण्याआधी अम्मी रोज असरनंतर तिकडं जायची.

त्या रात्री मला चाचांची आठवण झाली. अब्बांचे धाकटे भाऊ. त्यांना दोन वर्षांपूर्वी असाच झटका आला होता, तोही डाव्या बाजूलाच. तिसऱ्या आठवड्यात त्यांना रिक्षात घालून जुम्म्याच्या नमाजला नेलं. महिन्याभरात मशिदीतली मुलं दोन्ही बाजूंनी धरून त्यांना जोहर-असरला न्यायला लागली. मग दुकानात जाऊन बसायला लागले. त्यांना कुठं जायचंय हे कुणी विचारलं नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊकच होतं. मशीद आणि दुकान. घरापासून मशीद दोनशे पावलं. पाच वेळा नाही, दोनच वेळा गेलं तरी जाऊन-येऊन आठशे पावलं रोजची झाली. आमच्या बहुतेक मशिदींत बायांना जागा नाही, त्यामुळं अम्मीच्या दिवसात ती आठशे पावलं नव्हती. शरियत काय म्हणते हा वाद मी इथं काढत नाही. एवढंच सांगतो, की चाचांच्या पायाला रोज कुठंतरी पोहोचायचं होतं, अम्मीच्या पायाला आम्ही कॉटवर ठेवला होता आणि त्यालाच आराम म्हणत होतो.

मॅडमनी मला समजावलं ते असं. मेंदूचा जो तुकडा मेला तो जिवंत होत नाही. पण आजूबाजूचा भाग त्याचं काम शिकू शकतो. मात्र पायाकडून ते काम पुन्हा पुन्हा मागितलं तरच शिकतो. न मागता राहिलं तर उलटं शिकणं होतं. एडवर्ड टॉब नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं माकडांवर हे दाखवलं होतं. एका हाताची संवेदना तोडली की माकड तो हात वापरणं सोडून द्यायचं. चांगला हात बांधून ठेवला की मात्र तोच 'मेलेला' हात ते वापरायला लागायचं. म्हणजे न वापरणं हेसुद्धा शिकलेलं असतं. आमच्या घरात अम्मीला ते शिकवणारा मी होतो.

'पुन्हा पुन्हा' म्हणजे किती? प्राण्यांवरच्या प्रयोगांत एका बैठकीत शेकडो हालचाली करून घेतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिका-कॅनडातल्या उपचारकेंद्रांत प्रत्यक्ष मोजणी केली, तर चालण्याच्या एका सत्रात रुग्ण सरासरी ३५७ पावलं टाकत होते आणि हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२ होत होत्या. तिथं ही गत, तर आठवड्यातून तीनदा येणाऱ्या मॅडमच्या पाऊण तासात काय होणार? उरलेला दिवस घरच्यांचा.

पण घरच्यांवर सोपवलं की झालं, असंही नाही. आपल्याच देशात याची मोठी चाचणी झाली आहे. १४ रुग्णालयं, १२५० रुग्ण. निकाल २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. अर्ध्या रुग्णांच्या घरच्यांना व्यायाम करून घेण्याचं शिक्षण दिलं, बाकीच्यांना नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी बघितलं तर दोन्हीकडं मेलेल्या किंवा दुसऱ्यावर अवलंबून राहिलेल्या रुग्णांचं प्रमाण सारखंच, शंभरातले सत्तेचाळीस. घरच्या माणसाला चार गोष्टी शिकवल्या की फिजिओचा खर्च वाचेल, ही आशा त्यात बुडाली. मी हे वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर थोडं हायसंही वाटलं. मी एकटा कमी पडलो नव्हतो. शिकलेलं माणूस लागतंच, नियमित लागतं आणि ते गरिबाला परवडेल असं मिळत नाही. महात्मा फुले योजनेत ॲडमिट असतानाचा खर्च निघतो. नंतर महिनोन्‌महिने घरी येणाऱ्या फिजिओचे पैसे आम्ही खिशातूनच घातले.

मॅडमनी कॉटच्या पायांखाली दोन-दोन विटा घातल्या. कॉट उंच झाली की उठणं सोपं. चांगला पाय थोडा पुढं आणि आजारी पाय मागं, म्हणजे उठताना भार आजारी पायावर यायलाच हवा. नाक पुढं न्यायचं, बूड उचलायचं. मी नेहमीप्रमाणं काखेत हात घालायला गेलो तर मॅडमनी हातावर चापटी मारली! अम्मीची एक जुनी ओढणी तिच्या कमरेला बांधली आणि मला म्हणाल्या, "डाव्या बाजूला उभं राहायचं. पडायला लागल्या तर ही ओढणी धरायची. नाहीतर हात पाठीमागं." आजारी माणसाशेजारी हात पाठीमागं बांधून उभं राहणं किती अवघड असतं ते उभं राहिल्याशिवाय कळत नाही. अम्मी थरथरतेय, गुडघा मागं जातोय, कपाळावर घाम. आणि आपण बघतोय. भाभी स्वयंपाकघरातून म्हणाली, "कसाई हैं क्या तुम?"

पहिल्या दिवशी चार वेळा उठली. मोजायला अम्मीनं तसबीह घेतली. एका बाईनं टोकलं, अल्लाचं नाव घ्यायचे मणी, त्यावर कवायत मोजता? अम्मीनं वाद घातला नाही. दुसरी एक प्लास्टिकची तसबीह मागवली, ती निळी, फक्त उठबशांची. रोज एकेक मणी वाढवायचा. अब्बांचे जुने दोस्त, तालमीतले वस्ताद, एकदा बघायला आले. त्यांनी खासबागेत कुस्त्या केलेल्या. अम्मीची उठबस बघून म्हणाले, "ह्या तर बैठका झाल्या की! बैठक मोजल्याबगर पाय येत न्हाई." मग दर दोन दिवसांनी चक्कर मारायचे आणि दारातूनच विचारायचे, "वहिनी, आकडा किती?" त्यांना आकडा सांगता यावा म्हणून अम्मी दुपारीही एक फेरी काढायला लागली. दीड महिन्यात निळी तसबीह एकदा पूर्ण फिरली.

घोटा मात्र वर उचलला जाईना. पाऊल टाकताना बोटं फरशीला घासायची, म्हणून ती अख्खा पाय कंबरेतून बाहेरून गोल फिरवून पुढं आणायची. त्यासाठी पोटरीमागून तळव्यापर्यंत येणारी प्लास्टिकची पट्टी बनवून घेतली, म्हणजे पाऊल काटकोनात राहतं. ती पट्टी कोल्हापुरी चपलेत बसत नाही आणि कोल्हापुरीला मागं पट्टाही नसतो, लुळ्या पायातून ती सटकणारच. जन्मभर कर्रकर्र वाजणारी कोल्हापुरी घातलेल्या बाईला वेलक्रोचे बूट घालायला लावले, डावा एक नंबर मोठा. आठ दिवस ती त्या बुटांकडं बघायची नाही.

'चाकाची खुर्ची' हा शब्दही आमच्या घरात कुणी काढायचा नाही, जणू काढला की ती येऊन बसेल. याच शहरातल्या नसीमा हुरझूक यांना सोळाव्या वर्षी कमरेखालचं अपंगत्व आलं. त्यांच्या आत्मकथेचं नावच 'चाकाची खुर्ची'. १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी करून त्यांनी हजारो माणसं घराबाहेर काढली. मी ते पुस्तक कॉलेजात वाचलं होतं, त्यावर स्पर्धेत बोललोही होतो. आईची वेळ आली तेव्हा त्यातलं काही आठवलं नाही. पहिल्या आठवड्यात खुर्ची आणली असती तर अम्मी चौथ्या महिन्यापर्यंत न थांबता बूबूकडं जाऊन आली असती. पाय पुन्हा चालावा म्हणून झटणं आणि तोवर माणसानं घरात कोंडून न राहणं, दोन्ही एकाच वेळी करता येतं. मला ते उशिरा सुचलं.

सहाव्या महिन्यात मॅडमनी गल्लीत खडूनं दहा मीटरवर दोन रेघा मारल्या. पोरं जमली. मोबाईलवर वेळ लावली. छप्पन्न सेकंद. सेकंदाला ०.४ मीटरच्या खाली चाल असली तर माणूस बहुतेक घरापुरताच राहतो, ०.८ च्या वर गेली तर बाजारहाट, रस्ता ओलांडणं जमतं, असा एक ढोबळ हिशेब असतो. अम्मी ०.२ च्याही खाली होती. बिंदू चौक ओलांडायचा म्हणजे स्वप्नच.

आणि मग ती पडली. न्हाणीत, अकेली. तिनं मला मुद्दाम हाक मारली नव्हती. हाड मोडलं नाही, पण मांडी काळीनिळी झाली आणि घरात बैठक बसली. मोठा भाऊ म्हणाला, बास झाली ही नाटकं. मोडलं असतं तर? मामूंनी मान हलवली. मीही गप्प राहिलो, कारण खुबा मोडला तर काय होतं ते मी वाचलं होतं. पडण्याची भीती खोटी नाही. लकवा झालेली माणसं पडतात, पुष्कळ पडतात, आणि दुबळ्या बाजूलाच पडतात. आम्ही सगळे तिच्या कॉटभोवती बसून तिच्या पायाबद्दल ठरवत होतो. ती भिंतीकडं तोंड करून पडलेली. मध्येच म्हणाली, "गिरी तो मैं गिरी ना. तुम कां गिरे?"

कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी भाऊच प्लंबर घेऊन आला. न्हाणीत दोन ठिकाणी स्टीलचे दांडे बसले, फरशीवर खरखरीत पट्ट्या लागल्या, उंबरा फोडून उतार केला. त्यानं नंतर माझ्याशी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. त्याचा स्वभावच तसा आहे.

नमाज ती खुर्चीवर पढते. उभं राहून जमत नसेल तर बसून, बसूनही जमत नसेल तर आडवं होऊन पढावी, ही सवलत सगळ्यांना माहीत आहे. पण तिला सजदा जमिनीवर करायचाय. मॅडमनी त्याचाही सराव सुरू केला: चांगल्या हातानं खुर्ची धरून गुडघ्यावर यायचं, मग एक पाय पुढं रोवून वर उठायचं. खाली जाता येतं. वर येताना अजून तिसऱ्या माणसाची ओढणी लागते. ते कदाचित तसंच राहील. वुजूच्या वेळी ती चांगल्या हातानं डावा पाय ओढून मांडीवर घेते आणि बोटांच्या बेचक्यांत पाणी फिरवते. परवा म्हणाली, पाणी गार लागलं. डाव्या पायाला गार लागलं, हे तिनं दोनदा सांगितलं.

दहाव्या महिन्यात दहा मीटरला चोवीस सेकंद लागले. ०.४ चा काटा जेमतेम ओलांडला.

त्याच आठवड्यात असरनंतर ती उठली, पट्टी बांधली, बूट चढवले. उजव्या हातात काठी. मी डाव्या बाजूला, हात पाठीमागं. भाभीनं बुरखा घालून दिला आणि खालून तो चार बोटं दुमडून टाके घातले, पायात येऊ नये म्हणून. पायरी उतरताना आधी आजारी पाय, चढताना आधी चांगला, हे ती पुटपुटत होती. कोपऱ्यावर पानपट्टीच्या बाकड्यावर एकदा बसली, मशिदीच्या भिंतीला टेकून एकदा थांबली. समोरून मोटारसायकल आली तेव्हा मी ओढणीला हात लावला, तिनं तो झटकला. घरापासून खालाच्या दारापर्यंत एरवी तीन मिनिटं लागतात. आम्हाला एकवीस लागली.

खालानं दार उघडलं. बघत राहिली. मग तिची नजर खाली गेली आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं म्हणाली, "बूटां भार निकाल, अब्बीच फरशी पोछी."

"नै निकलते इत्ते जल्दी," अम्मी दारातच काठीवर रेलून म्हणाली, "तू फडका ला."